बाबांच्या ट्रकमधली थंड हवा

मोठ्या आजारातून उठल्यावर आईने बाबांकडे एकच गोष्ट मागितली. तिला त्यांच्या ट्रकमध्ये बसायचं होतं.

लग्न झाल्यापासून ती त्या ट्रकमध्ये एकदाही चढली नव्हती. बाबांनी तो जुनाच विकत घेतलेला. गोल नाकाचा, गडद हिरवा, कुठल्याशा थंड देशातून बोटीने आलेला. केबिनमध्ये इंजिनाची धग अशी की बाबा नुसत्या गंजीफ्रॉकवर तो चालवत. ती बायकांनी बसायची जागा नाही, असं ते म्हणायचे आणि आईने कधी वाद घातला नव्हता. आता बाबांनी धंदा बंद केला होता. ट्रक मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागे शिरीषाच्या सावलीत उभा असायचा. शिरीषाची गुलाबी फुलं टपावर पडून वाळायची आणि बाबा ती हलक्या हाताने झाडायचे.

पण डॉक्टरांनी आईला उष्णतेपासून जपायला सांगितलं होतं. उन्हात दूध आणायला गेली तरी तिला चक्कर यायची.

मी तेव्हा अंधेरीला एका कंपनीत ड्रॉइंग्ज काढायचे. ऑफिसांच्या छतातून थंड हवा नेणाऱ्या पत्र्याच्या चौकोनी नळ्या कुठून कशा वळवायच्या, हे माझं काम. बाबांनी कधी त्यात रस दाखवला नव्हता. एका संध्याकाळी मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि मोटारींना बसवतात तसला एसी ट्रकला बसेल काय, असं विचारू लागले. बसेल, म्हटलं. पण बाबांच्या अटी होत्या: तो दिसता कामा नये, डॅशबोर्डला भोक पडता कामा नये, खाली डबा लोंबता कामा नये. मी जरा वैतागूनच विचारलं, दिसला तर काय बिघडतं?

"बाय, ती माझी गाडी बघायला येतेय," बाबा म्हणाले. "तिला दुसरीच कुठली दाखवू नको."

मग मी कागद घेऊन बसले.

कॉम्प्रेसर कुर्ल्याच्या भंगारात मिळाला, कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या परदेशी गाडीतला. तो इंजिनाच्या पट्ट्यावर चालणार होता आणि बॉनेटखाली झाकला जाणार होता. गरम हवा बाहेर टाकणारी जाळी पुढच्या लोखंडी नक्षीमागे दडली. अडलं ते केबिनमध्ये. थंड हवेची कॉइल ठेवायची कुठे? कित्येक रविवार मी आणि बाबा त्या केबिनमध्ये घामाने निथळत बसलो, पट्टीने मापं घेत. पानांमधून ऊन झिरपायचं, काचेवर हलायचं, आणि तापलेल्या रेक्झिनच्या वासात मला गुंगी यायची.

अशाच एका दुपारी माझं लक्ष काचेखालच्या दोन अरुंद फटींकडे गेलं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, त्या पहिल्यापासूनच आहेत, कशाला आहेत ठाऊक नाही. मी वाकून डॅशबोर्डखाली हात घातला. पत्र्याची एक पेटी लागली. थंडीच्या मुलखात काचेवरचं धुकं घालवायला आणि पाय शेकायला दिलेला तो हीटर होता. मुंबईत त्याला कुणी कधी हात लावला नव्हता. त्याची गोल कळही जागेवर होती, तिच्यावर इंग्रजीत 'हीट' लिहिलेलं. आम्ही पेटीतलं सगळं काढलं आणि आत कॉइल बसवली. घाटकोपरच्या एका गॅरेजवाल्याने नळ्या जोडून गॅस भरून दिला. बाबांनी इंजिन चालू केलं, हीटची कळ फिरवली. थोड्या वेळाने त्या फटींतून थंड झुळूक आली. बाबांनी तिथे तळहात धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला.

आई निघाली ती इस्त्रीची साडी नेसून. बाबांनी केबिन आधीच गार करून ठेवली होती. तिच्यासाठी खाली स्टूल ठेवलं, हाताला धरलं.

"चढ गो, सावकाश."

ती खिडकीशी बसली, मी मध्ये, गिअरच्या दांड्यापासून गुडघे वळवून. काचा वर करून आम्ही ठाण्यावरून घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. बाहेर ऊन पांढरंफेक होतं, झाडं त्यात विरघळल्यासारखी दिसत होती. आत मात्र खोल विहिरीच्या पायरीवर बसल्यासारखं वाटत होतं. इंजिनाची घरघरही लांबून येत होती. खाडीचं पाणी मधूनच चमकायचं आणि झाडांमागे जायचं.

आणि बाबा बोलू लागले. घरी जेवताना मीठ मागण्यापलीकडे न बोलणारा माणूस स्टिअरिंग हातात घेऊन वेगळाच झाला. या वळणावर धुकं पडायचं, त्या झाडाखाली आम्ही भात शिजवायचो, शर्ट त्या खुंटीला टांगायचो. आई एकेक विचारत होती. झोपायचात कुठे? पाऊस आत यायचा का? इतकी वर्षं जवळ ठेवलेले प्रश्न ती हळूहळू काढत होती.

दहिसरच्या नाक्यावर रांगेत थांबलो तेव्हा शेजारच्या ट्रकवाल्याने खाली बोट दाखवलं. काका, रेडिएटर गळतोय. ते एसीच्या थंड कॉइलवरून ठिबकणारं पाणी होतं. बाबांनी त्याला हात केला आणि गालातल्या गालात हसले.

नाका ओलांडल्यावर आई म्हणाली, "जरा बंद करा ते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांच्या म्हणण्याची मी आठवण करून दिली. तिने ऐकलं नाही. बाबांनी गाडी कडेला सावलीत घेतली, कळ फिरवली, इंजिन मात्र चालू ठेवलं. धग आधी पायांना लागली, मग पाठीला. डिझेलचा वास आत भरला. आईच्या कपाळावर घाम आला, तरी ती तशीच बसून राहिली.

"एवढ्यात बसायचात तुम्ही?"

"सवय होते," बाबा म्हणाले.

तिने माझ्यावरून हात लांब करून पदराने त्यांचं कपाळ पुसलं. बाबा समोर रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच कळ पुन्हा फिरवली आणि आम्ही बोरिवलीच्या दिशेने निघालो.

पुढच्या रविवारी मी उठायच्या आत आई तयार होती. मी चप्पल शोधू लागले तर म्हणाली, तू आराम कर, तुला मध्ये अडचण होते. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खालून हिरवा ट्रक निघाला, सावकाश वळला. काचा वर होत्या. आत दोघं बोलत होती, आई हातवारे करून काहीतरी सांगत होती, बाबा मान हलवत होते. वर मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.