वरची दाढ आणि काळा चष्मा

मला राग लवकर येतो आणि तो नेहमी चुकीच्या माणसावर निघतो, असं घरच्यांचं मत आहे. त्या दिवशी मात्र माणसंच इतकी होती की राग पुरेना.

आईची वरची उजवी दाढ किडली होती. चावायला तेवढी एकच उरलेली. ती गेली की नाचणीची भाकरी संपली. ती काढायची नव्हती, वाचवायची होती. म्हणून तळेघरहून मंचरपर्यंत एसटी, पुढं जीप, असे नारायणगावला निघालो. जीपमधल्या एका बाईनं, कुणी विचारलं नसताना, वरच्या दाढेची शीर डोळ्यात जाते, आपल्या जावेचा डोळा असाच गेला, असं आईला सांगितलं आणि कळंबला उतरून गेली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्याला काही होत नाही, असं मी तिला पुढं वाटभर सांगत राहिलो.

दवाखान्यावर बोर्ड, 'लेझरने बिनदुखी रूट कॅनॉल'. आत भुलीची सुई तीच, मुळं साफ करायच्या बारीक तारा त्याच. लेझर शेवटी, उरलेले जंतू मारायला, थोडा वेळ. हे सगळं डॉक्टरबाई मला समजावत होत्या आणि मी लई कळल्यासारखी मान हलवत होतो. आईला फक्त काळा चष्मा मिळाला. "घाला, आजी."

आई खुर्चीतच उठून बसली. अर्ध्या बधिर तोंडानं म्हणाली, "डोळ्याला काय व्हत न्हाई, तर चष्मा कशाला? दाढ माझी, डोळा माझा, आन ही बाई सांगती त्याला."

मी जीपमधल्या बाईवर चिडलो, बोर्डावर चिडलो, डॉक्टरवर चिडलो आणि ओरडलो आईवर. डॉक्टरबाईंनी मला गप्प बसवलं. मग स्टूल ओढून आईला सांगितलं, की दाढेचा नि डोळ्याचा संबंध नाही. पण लेझरचा उजेड चुकून बाहेर उडाला तर कुणाच्याही डोळ्याला वाईट, म्हणून खोलीतल्या सगळ्यांनाच चष्मा. हे आधी सांगायला काय झालं होतं?

"मग आदी तुमी घाला," आई म्हणाली. त्यांनी घातला. "आन याला." मीही घातला. तेव्हा कुठं ती आडवी झाली.

दाढ वाचली. वर टोपीही बसली. दुखणं गेलं.

आणि आई अजून भाकरी कालवणात भिजवून, पुढच्या दातांनी खाते. का, विचारलं तर म्हणते, "एवढ्या खटपटीनं राखलीय, ती काय झिजवायला?"

आता सांगा राव, चिडायचं न्हाई तर काय करायचं?