तंबूत राहिलेली कथा

धनज मागे पडलं आणि वाटेवरच्या निंबाखाली गोजरामावशी मटकन बसल्या. आमचं कामरगाव अजून बरंच लांब होतं.

"मी नाई येत पुढं."

"काहून मावशी? पाय दुखून राह्यले का?"

"पायाले काय धाड भरली! कथा अर्धी टाकून आलो आपण."

गोजरामावशी आमच्या शेजारच्या माळीणबाई. वांगी, मेथी विकून झाली की टोपली आमच्या ओसरीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काढ पोथी." मी लग्न होऊन आले तेव्हा चौथी शिकलेली होते. पुढे वाचन टिकलं ते त्यांच्यामुळेच. सासूबाई पुटपुटल्या तर "देवाचं वाचते, तुमचं काय जाते?" म्हणून त्याच गप्प करायच्या. देवानेच ती बाई माझ्या दारात पाठवली, असं मला आजही वाटतं.

त्यांची आवडती कथा एका म्हातारीची. तिचा मुलगा परमुलखी जातो आणि देव त्याला बोट धरून घरी आणतो. त्याच कथेचा सिनेमा धनजच्या जत्रेत तंबूत आला, तेव्हा मावशींनी मला नेलं. पोथीही टोपलीत घ्यायला लावली. "पोथीपरमाणं दाखवतात का नाई, थे पाहू ना!"

दाखवत होते. पोरगा निघाला, म्हातारी वेशीपर्यंत गेली, आणि सिनेमा चालवणारं इंजिन बंद पडलं. लढाईचे दिवस, तेल संपलेलं. तंबूवाल्यानं हात जोडले, लोक उठले. मावशींच्या बहिणीकडे मुक्काम करून आम्ही सकाळी निघालो होतो.

"मावशी, तो येते ना वापस. कितीक खेपा वाचून दाखवलं मी!"

"थे आयकलं. गेला थो मात्र डोयानं पाह्यला."

त्यांचा मुलगा चंपत पलटणीत भरती होऊन गेला होता. वर्ष उलटलं तरी खबर नव्हती. मग मी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पोथी उघडली आणि तिथेच परत येण्याचा अध्याय वाचायला घेतला. मावशींनी डोळे मिटले.

"दिसून राह्यला वो," त्या मधेच म्हणाल्या. "कालचाच पोरगा. थोच सदरा. हळू वाच, वेशीतून येऊन राह्यला."

मी हळू वाचलं. इतक्यांदा वाचलेला तो मुलगा मलाही त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

पोथी बांधली. मावशींनी पदरानं तोंड पुसलं, टोपली डोक्यावर घेतली.

"पोरी, पुढच्या जत्रेत तंबू आला त आपण भाईरच बसू. थो घरी येऊ लागला का मंगच मले आत ने."