काकूंचे हात बुटीबोरीला

"पोरी, तुह्या त्या इंटरनेटवर माहे हात दुसऱ्याच्या घरी कामाले लागले न वं!"

फोनवर कन्हानच्या वच्छलाकाकू होत्या, माझ्या क्लायंट. मी नागपुरात छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवते. क्लायंटच्या रागाची मला सवय आहे. पण हात पळवल्याची तक्रार पहिल्यांदाच आली होती.

काकू लग्नाकार्यात लंबी रोटी करून देतात. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गव्हाची सैल कणीक आपटून आपटून मळायची. गोळा हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही, सगळी भिस्त हातांवर. जमली तर ओठांनी तुटते. नाही जमली तर पंगतीत लोक एकमेकांकडे बघतात.

"काकू, नीट सांगा. झालं काय?"

"कामठीच्या लग्नघरचा फोन आला. म्हणते, काकू, यंदा तुमच्या रोट्या चामड्यावानी काहून होत्या? अवं, मी त्या लग्नाले गेलीच नाही! म्हणते, वेबसाइटवर तुमचे हात पाहूनच तं बुक केलं. माह्या नावानं चामडं वाढून राहिला वं कोणीतरी!"

बत्तीस भाज्या करणाऱ्या आचाऱ्याची एखादी बिघडली, तरी तो दुसरीवर नाव सांभाळू शकतो. काकूंकडे एकच पदार्थ आहे. तो बदनाम झाला की संपलं.

लग्नघरानं पाठवलेली लिंक मी उघडली. नागपूरजवळच्याच बुटीबोरीचे कोणी बंटीभाऊ केटरर. पहिल्याच पानावर काकूंचे हात, कोपरापर्यंत लोंबती रोटी, हिरव्या बांगड्या. फोटो मीच काढलेला. फक्त काकूंच्या उजव्या हातावर गोंदलेलं तुळशीवृंदावन इथे डाव्या हातावर गेलं होतं. गड्यानं फोटो उलटा केला होता, आरशात दिसतो तसा. चोरी करून वर हुशारी!

तो फोटो किती खटपटीनं मिळाला होता ते माझं मला माहीत. वेबसाइट करताना मी आधी फुकट फोटोच शोधले होते. इथे जरा धंद्यातलं सांगते. गूगलवर फोटो दिसला म्हणजे तो फुकट झाला, असं निम्म्या नागपूरला वाटतं. गूगल फक्त फोटो कुठे आहे ते दाखवतं. फोटो काढणाऱ्याचाच राहतो. मात्र काही लोक आपणहून सांगून ठेवतात, घ्या, वापरा, एवढी अट पाळा. या परवानगीला क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स म्हणतात. कोणी म्हणतं, खाली माझं नाव द्या. कोणी म्हणतं, धंद्यासाठी नको. कोणी म्हणतं, फोटोत काटछाट करू नका. आणि काही उदार जीव म्हणतात, काहीही करा, विचारूसुद्धा नका. अशा फोटोंची मोठमोठी भांडारं इंटरनेटवर आहेत.

त्या भांडारांत मला रुमाली रोट्या भरपूर मिळाल्या. कुठल्या तरी परदेशी भट्टीतल्या हातभर रोट्याही मिळाल्या. काकूंनी त्या बघून "हे का पायपुसणं आहे?" असं विचारलं. एका प्रवासी ब्लॉगवर अस्सल लंबी रोटी सापडली, पण तिथे 'धंद्यासाठी नको'ची अट. त्यात भर म्हणून फोटोच्या कोपऱ्यात एक गोऱ्हा उभा, आणि 'काटछाट नको' म्हटल्यावर गोऱ्हा हलवता येईना. शेवटी मी कॅमेरा घेऊन कन्हानला गेले आणि काकूंच्या अंगणात धूर खात फोटो काढले. त्यांचे सगळे हक्क काकूंच्या नावे करून दिले.

आता ते बुटीबोरीला नांदत होते.

"मी जातो तिथं," काकू म्हणाल्या. "कणीक आपटतो तसा आपटतो त्याले."

"थांबा. आधी मला बोलू द्या."

बंटीभाऊ फोनवर फार गोड माणूस निघाला.

"ते फोटो? गूगलवर पडले होते मॅडम, उचलले. गूगल तं फ्री आहे न!"

"गूगल फ्री आहे, फोटो नाही. रस्ता सरकारी असला म्हणून त्यावर उभी गाडी सरकारी होते का?"

"पण मी तं उलटा केला न. डिझाइनर बोलला, उलटा केला का नवीन होते."

"उलटा करा नाहीतर आडवा करा, हात काकूंचेच राहतात. आज उतरवा, नाहीतर वकिलाची नोटीस येईल."

"काढतो बावा, काढतो! टेन्शन नका घेऊ." मग म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही लोक मना तेवढं करता. कायदेशीर फुकट फोटो कुठं भेटते, हे तं कोणीच सांगून नाही राहिलं."

प्रश्न रास्त होता. कोणीही रास्त प्रश्न विचारला की मला उत्तर द्यायचा मोह होतो. त्या दिवशी जरा जास्तच झाला.

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि कन्हानची वाट धरली.

काकूंना मी बेत समजावला. आपण एक नवा, झकास फोटो काढायचा आणि आपणच फुकटच्या भांडारात ठेवायचा. कोणीही घ्यावा, धंद्यालाही चालेल, अट एकच. खाली नाव द्यायचं आणि आपल्या वेबसाइटची लिंक जोडायची.

"एक लक्षात ठेवा काकू. अशी परवानगी दिली की परत घेता येत नाही. उद्या जगात कोणीही तो फोटो लावेल."

काकू विचारात पडल्या. "म्हणजे बंटी फुकट वापरन?"

"हो."

"अन् खाली नाव माहं लिहीन?"

"लिहावंच लागेल. नाव नाही तर परवानगी नाही."

"आपल्या हातानं?"

"आपल्या हातानं."

"मंग थांब वं, तोंडाले पावडर लावून येऊ दे मले."

या वेळी फोटोत नुसते हात नव्हते. नऊवारीतल्या काकू, हसरा चेहरा, आणि हातांवरून पडद्यासारखी उतरणारी रोटी. मी तो भांडारात चढवला. नावाच्या रकान्यात लिहिलं, 'वच्छलाकाकू, लंबी रोटी, कन्हान'.

दुसऱ्या दिवशी बंटीभाऊंना भांडाराचा पत्ता दिला, 'धंद्यासाठी चालेल' हे बटण कसं दाबायचं तेही शिकवलं. जुना फोटो त्यानं खरंच उतरवला होता. थोड्या वेळानं फोन आला.

"मॅडम, तिथं बी काकूच आहे!"

"हो का?"

"लंबी रोटीचा दुसरा फोटोच नाही."

"रुमाली आहेत की बरेच."

"रुमाली लावली तं लोक हसतीन न मॅडम. आपल्या इकडं लहान लेकरू बी ओळखते."

"मग हाच लावा. खाली नाव आणि लिंक तेवढी विसरू नका. विसरलात तर नोटीस आहेच."

"नोटीस नको, नावच टाकतो," तो म्हणाला. आणि टाकलं. अक्षर बारीक होतं, पण वाचता येत होतं. लिंकही चालू होती. मी ती स्वतः दाबून पाहिली, दोनदा, निव्वळ आनंदासाठी.

काकूंनी तेवढ्यात कामठीला फोन करून, त्या रोट्या आपल्या नव्हत्या हे स्वच्छ सांगून टाकलं. आता मात्र बंटीभाऊंची वेबसाइट बघणारे लोक फोटोखालचं नाव वाचू लागले. काही जण लिंक दाबून थेट काकूंकडे पोचले. बाकीचे बंटीभाऊंनाच विचारू लागले, रोट्या करायला ह्याच बाई येणार ना? फोटोचं लायसन्स कायदेशीर होतं, पण मडक्यावरची म्हणून तव्यावरची वाढायचं लायसन्स कुठल्याच भांडारात मिळत नाही.

एक दिवस मी काकूंच्या अंगणात बसले असताना बंटीभाऊंचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"काकू, पार्टी अडून बसली. म्हणते, खाली नाव आहे त्याच बाई पाहिजे. येता का बुटीबोरीले? रोटीचं सगळं काम तुमचं."

काकू कणकेचे हात झटकत उठल्या. माझ्याकडे बघून डोळा मारला.

"येतो न गा, काहून नाही येणार! पण मांडवात माह्या चुलीवर बोर्ड लागन. वच्छलाकाकू, लंबी रोटी, कन्हान."

"बोर्ड कशाले काकू? जेवणाऱ्याले काय करायचं नावाशी?"

"नाव तं द्यावंच लागते, बंटीभाऊ. लायसन आहे माहं."

बोर्ड लागला. मोठ्या अक्षरात. त्या लग्नात मी जेवायला होते आणि रोटी ओठांनी तुटत होती. बंटीभाऊ स्वतः वाढत होते.

फुकट फोटो वापरणाऱ्यांना मी आजही एवढंच सांगते. घ्या खुशाल, पण खालची अट वाचून घ्या. ती कोणी लिहिली आहे आणि लिहिणारीच्या मनात तेव्हा काय होतं, हे फोटोत दिसत नाही.