हा आपला हाय

समोरच्याच्या मानेवर जाड पंजा ठेवायचा, जमलेल्यांकडे बघायचं आणि हळूच म्हणायचं, "हा आपला हाय." एवढ्यावर परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्या माणसाला कुणी हात लावत नसे. पंजा ठेवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. असा एखादा मामा तुम्हीही पाहिला असेल.

मामा मुळात हमाल. एका आडत्यानं म्हाताऱ्या हमालाला लाथ घातली, तेव्हा यानं पाठीवरचं पोतं आडत्याच्या गादीवर टाकलं आणि माफी मागेपर्यंत त्यावर बसून राहिला. त्या दिवसापासून मोंढा त्याचा. पुढे हातगाड्या, मटका, हातभट्टी. ज्यांच्यासाठी तो पोत्यावर बसला, त्यांच्याच वस्तीत त्याची दारू जाऊ लागली.

यावर मी पत्रक काढलं. तेव्हा मी छापखान्यात खिळे जुळवायचो आणि पत्रकानं जग हलतं असं मानायचो. दुसऱ्या दिवशी त्याची माणसं छापखाना फोडायला आली. मागून मामा आला. अक्षरांखाली बोट फिरवत त्यानं सगळं पत्रक वाचलं.

"लय भारी लिव्हायलास," तो म्हणाला. "पण दारूतला रू मोठा असतो."

मग पंजा माझ्या मानेवर आला. "हा आपला हाय."

माणसं निघून गेली. मी रू दुरुस्त केला, पण पत्रक पुन्हा छापलं नाही. तो पंजा उबदार होता, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नाल्यापलीकडच्या दलित हमालांच्या वस्तीवर जमाव निघालाय, ही बातमी भर दुपारी छापखान्यात आली. आमच्याकडे कागदांच्या घड्या घालणारी भागाबाई तिथंच राहायची. घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती. माझं घर गावात होतं, म्हणून मला रस्ता मोकळा होता.

"भाऊ, तुमी मामाकडं जा," ती म्हणाली. "वस्ती आपली हाय, एवढं बोलला तरी बास."

मामा हॉटेलात बसला होता. शेजारच्या खुर्च्यांवर गावचे पुढारी. मी सगळं सांगितलं. मामानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पंजा टेबलावरून उचलला गेला आणि पुन्हा टेबलावरच बसला.

"बघू," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. भागाबाईनं सासूला पाठीवर घेऊन नाला ओलांडला. घर जळालं. ती पुन्हा कधी कामावर आली नाही.

मामा घाबरतो, हे त्या दुपारी दोन्ही बाजूंना कळलं. वस्तीतले हमाल त्याला सोडून गेले. पुढाऱ्यांनी दुसरा माणूस धरला. पोलीस, जे त्याला नमस्कार करायचे, त्यांनीच त्याला भर बाजारातून चालवत नेलं. सुटून आला तेव्हा मोंढ्यात त्याला बसायला कुणी पोतंसुद्धा दिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला ते नाव मिळालं, त्याच महिन्यात दवाखान्याच्या व्हरांड्यात तो मला दिसला. खाली सतरंजीवर. पंजा तेवढा अजून मोठा होता. त्यानं मला ओळखलं. हात थोडा वर उचलला, पण माझ्या मानेपर्यंत तो पोचणार नव्हता. मला फक्त वाकायचं होतं.

वॉर्डबॉय कागद घेऊन आला. "ह्यांचं कोण हाय? सही लागती."

मामा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बघतो कुणी मिळतंय का," मी म्हणालो, आणि जिना उतरलो.