लाल बैलाची पोती

आखातातल्या तेलाच्या टाक्या वाचवायला अर्ध्या जगाच्या फौजा धावल्या आणि त्यांच्या मागोमाग माझी पोतीही गेली. फौजांचे फोटो पेपरात आले. पोत्यांबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही.

मी साताऱ्याकडून येऊन मार्केटात ओझी वाहिली आणि पाठ वाकायच्या आत बारदानाचा धंदा टाकला. रिकामी पोती विकत घ्यायची, शिवायची, पुन्हा विकायची. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ज्याच्या त्याच्या पोत्यावर त्याचा मार्का असे. माझा लाल बैल.

युद्ध पेटायच्या बेतात होतं तेव्हा एक एजंट आला. सफारी, काळा चष्मा, द्रोणागिरीकडे गोदाम. दुबईमार्गे एका रिफायनरीला वाळू भरायला पोती हवी होती. इतके देश एकमेकांचे दोस्त होऊन ज्या तेलाची राखण करणार, त्या कामाच्या पोत्यांना तरी बरा भाव येईल, असं मी धरून चाललो होतो. मार्केटात भाव बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात; त्याने खिशातला रुमाल काढला, बोटं धरली आणि बटाट्याच्या पोत्याहूनही खाली दाबलं.

"साहेब, हे लढाईचं काम आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तर! लढाई उद्या मिटली तर पोती काय गळ्यात बांधून फिरू? द्यायची तर द्या शेठ, टेन्शन नाही. गुजरातेत ढिगाने पडलीत."

माझं डोकं फिरलं, पण माल पडून होता. हो म्हणालो, आणि त्याच रागात प्रत्येक गठ्ठ्यात वर-खाली धड पोती ठेवून मध्ये उन्हाने कुजलेली कोंबली. आमच्या धंद्यात गठ्ठा वरून बघायची रीत आहे. त्यानेही वरूनच बघितला. जिरवली, असं मला वाटलं.

नेरुळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर उरणकडचे एक चाचा राहायचे; त्यांचा मुलगा आखातात कामाला होता. महिन्याभराने एका सकाळी ते सांदणांनी भरलेली ताटली घेऊन वर आले.

"भाऊ, पोराचा फोन आलता. तिथल्या रिफायनरीत पंपावर हाय ना तो. म्हणला, अब्बा, आमच्या पंपघराभोवती पोत्यांची भिंत केलीय, पोत्यांवर लाल बैल हाय. आपल्या वरच्या काकांचा! तुमच्या पोत्यांमागं बसलाय माझा पोर. आमी आता निवांत."

सांदणांची ताटली मी तशीच झाकून ठेवली.

दुपारीच गोदाम गाठलं. "ती पोती बदलून देतो. नवी कोरी. त्याच भावात."

एजंट हसायलाच लागला. "शेठ, तुम्ही? त्याच भावात?"

"त्याहून कमी द्या."

"मग तर नक्कीच काहीतरी लफडं आहे. पुढच्या ऑर्डरला भाव चढवायचाय ना?"

"नाही हो! आतला माल कुजका आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तो धरूनच तर भाव लावला होता. माल पास झाला, विषय संपला. बसा, चहा घ्या."

"तिथं माझ्या शेजाऱ्याचा मुलगा बसलाय!" मी टेबलावर हात आपटला.

"मग त्याला सांगा, दुसरीकडे बस."

चहा तसाच टाकून मी निघालो. पुढे रोज संध्याकाळी चाचांकडे टीव्हीवर बातम्या बघायला जाऊन बसायचो. विमानं दिसायची, रणगाडे दिसायचे, तेलाच्या विहिरींचा धूर दिसायचा. मी पडद्यावर पोती शोधायचो. माझा चेहरा बघून चाचा मलाच धीर द्यायचे, "भाऊ, कशाला घाबरता? बैल हाय ना तिथं!"

लढाई संपून काही महिने झाल्यावर तो मुलगा सुटीवर आला. मी त्याला जिन्यातच गाठून विचारलं, "पोती टिकली का रे?"

"खरं सांगू काका? भिंत रचली त्याच आठवड्यात फुटली. वाळू सगळी आमच्या पायाशी. आमच्या बाजूला काही पडलंच नाही, म्हणून निभावलं." मग खाली दाराकडे बघत हळूच म्हणाला, "अब्बांना बोलू नका. त्या पोत्यांच्या भरवशावर झोप लागत होती त्यांना."

मी बोललो नाही. ईदला त्यांच्याकडून अजून डबा येतो, बैलाच्या नावाने. मी खातो. राग आहे तो त्या एजंटवर, आजही. आयुष्यात एकदाच मी पडत्या भावात अस्सल माल द्यायला गेलो होतो, आणि त्या माणसाने खिशातला रुमालसुद्धा काढला नाही.