डावीकडे जड

"आदी बॅटरी बगा," हे मेजरचं पहिलं वाक्य. गाडी कुठलीही असो, मालक कितीही घाबरलेला असो. स्टेअरिंगचा पिवळा दिवा लागला म्हणून कुणी शिरवळहून धडपडत आलेला असायचा, आणि मेजर त्याला दारातच विचारायचे, "बॅटरी कवाची हाय?"

"अहो, स्टेअरिंग जड झालंय. बॅटरीचं काय घेऊन बसलात?"

"आवं, स्टेअरिंग फिरवतंय कोन? तुमी? मोटर फिरवतीया. तिच्या पोटाला मिळतंय का ते बगाया नगं?"

साताऱ्याबाहेर हायवेलगत त्यांचं गॅरेज आणि समोर माझं स्पेअर पार्टचं दुकान. सैन्यात ते गाड्या दुरुस्त करायचे, हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्याकडे सैन्यातून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच होतो, तसे तेही झाले. खरं नाव फक्त गॅरेजच्या पाटीवर होतं आणि तेही उन्हाने पुसत चाललं होतं.

त्यांची तपासायची रीत ठरलेली. स्कॅनर होता त्यांच्याकडे, चांगला होता, पण तो नंतर. आधी फडक्याने हात पुसून गाडीत बसायचे, सगळ्यांना गप करायचे आणि इंजिन चालू करायचे. मग उजव्या हाताच्या दोन बोटांनी चाक उजवीकडे ओढायचे, डाव्या हाताच्या दोन बोटांनी डावीकडे. दोनच बोटं. डोळे मिटलेले. बाहेर आम्ही चार माणसं उगाच श्वास रोखून उभी. मग डोळे उघडून सांगायचे, फ्यूज बघा, अर्थिंगची वायर बघा, नाहीतर "आता लावा तुमचं यंत्र." यंत्र बहुतेक वेळा त्यांचंच म्हणणं पुन्हा सांगायचं.

पाचगणीच्या एका शाळेचा ड्रायव्हर एकदा रडकुंडीला येऊन पोहोचला होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की स्टेअरिंगचं सगळं बदलावं लागणार. मेजरनी बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ केली, नट आवळला, आणि दिवा गेला. ड्रायव्हर बघतच राहिला. एवढंच होतं, याचं त्याला जरा वाईटच वाटलं असावं. "रोग ल्हान निगाला म्हनून तोंड पाडताय व्हय?" मेजर म्हणाले आणि त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

एका गोष्टीचा मात्र त्यांना संताप यायचा. सांगलीच्या एका गृहस्थाची गाडी नदीच्या पाण्यात उभी राहिली होती, आणि तो ते सांगायला तयार नव्हता. म्हणे, दिवा आपोआप लागला. मेजरनी दोन दिवस वायर न् वायर तपासली. शेवटी खालच्या एका जोडात हिरवा गंज आणि वाळलेला गाळ सापडला. तो गाळ त्यांनी बोटावर घेतला आणि त्या माणसाच्या नाकासमोर धरला. "पयल्या दिवशी खरं बोलला असता तर तासात झालं असतं. गाडीपुढं लाजायचं न्हाई, साहेब. डाक्टरपुढं न्हाई आन् गाडीपुढं बी न्हाई." मी काउंटरवरून हे ऐकत होतो आणि हसत होतो.

गेल्या वर्षी, उसाच्या तोडणीच्या दिवसांत, त्यांनी माझ्याकडून एक स्टेअरिंग कॉलम नेला. चाकाखालचा दांडा, त्याच्यावर मोटर आणि सेन्सर, असा तो अख्खा भाग येतो. दुसऱ्या दिवशी परत आणला. "तुजा मालच खराब हाय. बदलला तरी डावीकडं जड लागतंय." मी दुसरा दिला. तोही परत आला. त्याच आठवड्यात आणखी एक गाडी आली, आणि तीही डावीकडे जड.

"काय मेजर, सगळा सातारा डावीकडे जड झाला काय?" मी म्हणालो.

ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याचं आता काय करायचं ते मला कळत नाही.

मग एक शिक्षिका आल्या. त्यांना फक्त ऑइल बदलायचं होतं. मेजर सवयीने आत बसले, दोन बोटांनी चाक फिरवलं आणि म्हणाले, "बाई, डावीकडं जड हाय." बाई म्हणाल्या, "मला तर हलकीच लागते हो." दोघांची जुंपली. शेवटी मेजरनी रस्त्यापलीकडून मला हाक मारली. "हिकडं ये रं गड्या. तूच बग."

मी बसलो. दोन बोटांनी चाक फिरवलं, त्यांच्यासारखंच. दोन्हीकडे सारखं होतं. तिळभर फरक नव्हता. मान वर केली तर मेजर खिडकीशी वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मागे बाई उभ्या होत्या. गिऱ्हाइकासमोर त्यांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं.

"हो, जराशी जड आहे," मी म्हणालो.

"बगा, म्या म्हनत न्हवतो?" मेजर म्हणाले. चेहरा उजळला होता. बाईंनी गाडी ठेवली आणि मी नवा कॉलम मागवला.

चौथ्या दिवशी दुपारी ते गॅरेजच्या दारात पडले. तोंड वाकडं झालेलं, डावा हात लुळा. तिथे चालू हालतीत एकच गाडी होती, बाईंची. अजून खोललेली नव्हती. मेजरना मागे निजवून मीच चालवली. हॉस्पिटलकडे वळायला डावीकडे वळावं लागतं. चाक दोन बोटांनी फिरलं.

डॉक्टर म्हणाले, दहा-बारा दिवसांपूर्वी एक लहान झटका येऊन गेला असणार. हाताला कमजोरी जाणवली असेल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तेव्हाच आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं. मी मान हलवली. बाहेर येऊन बाईंना फोन केला की गाडी घेऊन जा, तिला काही झालेलं नाही.

महिन्याने त्यांच्या गावी भेटायला गेलो. ओसरीवर खाटेवर पडून होते. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. पहिलाच प्रश्न, "त्या बाईंच्या गाडीचं काय निगालं रं?"

"काही नाही, मेजर. गाडी चांगली होती. दोन्हीकडे सारखीच."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मग तवा जड हाय का म्हनालास?"

त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात मनगटापाशी धरून उचलला, थोडा वर धरला आणि चादरीवर सोडला.

"जड हाय की," ते म्हणाले. "तू काय लय खोटं न्हाई बोललास."

हसायचा प्रयत्न त्यांनी केला. अर्धंच तोंड हसलं.

उन्हाळ्यात ते गेले. समोरच्या गाळ्यात आता टायरचं दुकान आहे. रोज सकाळी गाडीत बसलो की इंजिन चालू करतो, उजव्या हाताच्या दोन बोटांनी चाक फिरवतो, मग डाव्या हाताच्या. दोन्हीकडे सारखंच लागतं. तरी शेजारच्या सीटवर कुणी असेल तर त्याला म्हणतो, जरा तुम्हीही बघा, आणि खरं सांगा.