अनवाणी दिलेलं मत

"चप्पल बाहेर काढा. टाइल्स नवीन आहेत."

हे आम्हाला कुणी देवळात म्हणालं नाही. देवळात आम्ही जात नाही. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आजोबांनी गावच्या घरातले देव नदीत सोडले. तेव्हापासून आमच्यातल्या कुणी कुठल्या देवळाच्या दारात चप्पल काढलेली नाही. हे म्हटलं गेलं मतदान केंद्रात. लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी. माझ्या बापाला.

अप्पा पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेत. गुडघे गेलेत. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. सांगणारा माणूस त्यांच्या नातवाच्या वयाचा, गळ्यात सोसायटीचं ओळखपत्र. अप्पांनी काठी माझ्याकडे दिली, भिंतीला हात लावून वाकले आणि चप्पल काढली. मीही काढली. आमच्या शेजारून सोसायटीतला एक माणूस बूट घालून आत गेला. पांढरे बूट. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

अप्पांच्या चपलेला काळा गाळ लागला होता, हे खरं आहे. तो गाळ कुठला, तेही सांगते.

आमची वस्ती अंबरनाथ पूर्वेला, नाल्याच्या कडेला. एमआयडीसीत जाणारे आम्ही लोक. मी औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून. आई गेल्यापासून अप्पा माझ्याकडेच असतात. नाल्याच्या पलीकडे पूर्वी गवत होतं, म्हशी चरायच्या. आता तिथे मोठं कॉम्प्लेक्स आहे. टॉवर, बगीचा, क्लबहाऊस. आमच्या वस्तीतल्या बायका तिथे लादी पुसतात, पोळ्या लाटतात.

आमचं मतदान कायम नगरपालिकेच्या शाळेत व्हायचं. शाळा वस्तीला लागून. त्या वर्षी म्हणाले, शाळेचं छत गळतंय, धोका आहे. शिवाय बिल्डिंगवाले मतदानाला उतरत नाहीत, म्हणून केंद्रच त्यांच्या दारात न्यायचं ठरलं. क्लबहाऊसमध्ये. आमची नावंही तिकडेच टाकली. आम्हाला वाटलं, बरं झालं. पंखे असतील, सावली असेल.

मेन गेटवर सुखदेव उभा होता. सुखदेव आमच्याच वस्तीतला, आमच्याच समाजाचा. तिथे वॉचमन होता. त्याने अप्पांना बघितलं आणि मान खाली घातली.

"अप्पा, मागच्या गेटने या."

"का रे? मतदान इथंच आहे ना?"

"हाय इथंच. पण वस्तीवाल्यांना मागून सोडायचं, असं सांगितलंय मला."

सांगणारे सोसायटीचे सेक्रेटरी आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मानही वळवली नाही.

मागचं गेट म्हणजे भिंतीला पूर्ण वळसा. मे महिन्याचं ऊन. तिथे कचरा वेगळा करतात, जनरेटर आहे, संडासाचं पाणी साफ करायची टाकी आहे. टाकीतून गळून गळून काळा चिखल झालेला. त्यातून अप्पा काठी टेकत गेले. एकदा पाय सटकला, मी धरलं. आमच्या मागे चार-पाच बायका होत्या. एकीच्या कडेवर पोर होतं. ती त्या चिखलाशी थांबली, म्हणाली, "मरू दे ते मत." आणि परत फिरली. तिच्यामागोमाग बाकीच्याही फिरल्या. मला कामाला जायचं नव्हतं, त्यांना होतं.

क्लबहाऊसच्या दाराशी दोन लाईनी. एक त्यांची, एक आमची. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. त्यांचे चार गेले की आमचा एक. आणि मग ते टाइल्सचं.

अप्पा अनवाणी आत गेले. बोटाला शाई लावून घेतली. मशीनचं बटण दाबलं. बाहेर आले, चप्पल शोधली. कुणीतरी पायाने ढकलून ती कुंडीमागे सारली होती.

घरी आल्यावर त्यांनी मोरीत बसून पाय धुतले. बराच वेळ धुतले.

माझ्या बापाचं आणि मतदानाचं काय होतं, ते कळल्याशिवाय हे कळणार नाही. अप्पा उल्हासनगरला, पाच नंबरच्या कॅम्पात, एका सिंधी शेठच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचे. आयुष्यभर. शेठ शिव्या द्यायचा, पण मतदानाच्या दिवशी म्हणायचा, "जा साईं, ठप्पा मारके आ." अप्पा आदल्या दिवशी दाढी करायचे. मत देऊन आले की नाक्यावर चहा प्यायचे आणि तिथल्या लोकांना जुन्या निवडणुका सांगायचे. कोण उभा होता, कोणाची हवा होती, कोण पडला, पडल्यावर कोणत्या पक्षात गेला. सगळं तोंडपाठ. म्हणायचे, "आपली वस्ती हलली नाही, मतदारसंघ हलला. आधी आपण ठाण्याच्या खासदाराचे होतो. मग नवी आखणी झाली, आपण कल्याणचे झालो. तुझी बहीण खरवईला दिली, ती बदलापूरकरीण झाली, तिचा खासदार भिवंडीचा. एका बापाच्या दोन पोरी, दोन खासदार." आणि हसायचे. पुढे म्हणायचे, "पण एकाच्याही नळाला पाणी नाही."

ह्या सगळ्यात अप्पांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. ज्याला मत दिलं तो बहुतेक वेळा पडायचा. त्याचं त्यांना काही नव्हतं. म्हणायचे, "रांगेत शेठ पुढे असो की मी पुढे, मशीनला कळत नाही."

त्या दिवशी ते नाक्यावर गेले नाहीत.

निकाल लागला. टीव्हीवर बोलत होते, इकडच्या शहरी पट्ट्यात मतदानाचा उत्साहच नाही. पंधरा दिवसांनी वस्तीत एका पक्षाचा कार्यकर्ता आला. गटाराचं काम अडलं होतं, म्हणून बायकांनी त्याला घेरलं. त्याने मोबाईल काढला, त्यात आमच्या केंद्राचे आकडे होते.

"बघा ताई, तुमच्या वस्तीचं मतदानच घसरलंय. साहेब विचारतात, ह्या लोकांना गरजच नाही तर मी कशाला मरू?"

मी म्हणाले, "बायका गेटवरून परत आल्या दादा."

"ते इथे कुठे दिसतं?" तो म्हणाला. खरंच विचारत होता.

नाही दिसत. नोंदीत इतकंच राहणार, अमुक केंद्र, मतदान कमी. पुढच्या वेळी कुणीतरी ते बघणार आणि म्हणणार, वस्तीतले लोक आळशी, पैसे मिळाले नाहीत म्हणून उतरले नाहीत. आमचा अपमान आमच्याच नावावर आळस म्हणून चढला. त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. राग चिखलाचा आला होता, चपलेचाही आला होता. पण हा वेगळा होता. हा शांत होता.

दिवाळी झाली आणि विधानसभा लागली. केंद्र तेच, क्लबहाऊस. मी बायकांना गोळा केलं. म्हणाले, सगळ्यांनी एकत्र जायचं, मेन गेटने जायचं. कुणी शिवी द्यायची नाही, कुणी परत फिरायचं नाही. मग अप्पांना म्हणाले, "चला, रिक्षा सांगितली आहे."

ते कॉटवर बसले होते. दाढी वाढलेली.

"मी नाही येत."

"अप्पा, आज मेन गेटनेच जायचं आहे."

"तू जा."

ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मेन गेटवर सुखदेवच होता. आम्हा सगळ्यांना बघून त्याचा चेहरा उतरला. सेक्रेटरी उठून आले. तोंडावर हसू होतं.

"अरे, परत गर्दी? मागून जा ना. काय प्रॉब्लेम आहे?"

"आज मागून जाणार नाही," मी म्हणाले.

"ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे, मॅडम."

"आज इथे मतदान केंद्र आहे."

त्यांचं हसू गेलं. मग ते जे बोलले, ते मी जसंच्या तसं सांगते. आमच्या अंबरनाथची आमदारकीची जागा राखीव आहे, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी सांगून ठेवते.

ते म्हणाले, "सीट रिझर्व्ह दिली ना तुम्हाला सरकारने? मग गेट तरी आमचं राहू द्या."

मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी हसून माना हलवल्या. शिकलेली माणसं. एकीच्या घरी माझी शेजारीण सात वर्षं पोळ्या करत होती. ती शेजारीण माझ्या बाजूला उभी होती.

उत्तरं मला रात्री सुचली ढीगभर. तेव्हा मी फक्त गेटचे गज धरले. दोन्ही हातांनी. शेजारणीने बाजूचे धरले. मग सगळ्यांनी. कुणी ढकललं नाही, कुणी ओरडलं नाही. आम्ही धरून उभ्या राहिलो. आतून एक गाडी बाहेर निघायची होती, ती हॉर्न वाजवत राहिली.

"सुखदेव, इनको हटाओ," सेक्रेटरी म्हणाले.

सुखदेवने त्यांच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. मग त्याने कडी काढली आणि गेट पूर्ण उघडलं.

आम्ही आत गेलो. बगीच्यातून. दाराशी तोच पोरगा, तेच ओळखपत्र. "चप्पल..." एवढंच तो बोलला. मी त्याच्या डोक्यावरून आत बसलेल्या केंद्राच्या साहेबांना हाक मारली, "साहेब, चप्पल काढायचा नियम आहे का?"

ते कुठले तरी शिक्षक असावेत. कागदातून मान वर करून गोंधळले. "नाही हो. कोणी सांगितलं?"

दोन बायकांनी सवयीने चपला हातात घेतल्या होत्या. त्यांनी त्या परत खाली टाकल्या आणि पाय घातले. त्या चकचकीत लादीवरून आमच्या रबरी चपला फटफट वाजत गेल्या. लाईन एकच झाली. मत दिलं.

मी धावत घरी आले. "अप्पा, गेट उघडलं. सुखदेवनेच उघडलं. अजून वेळ आहे, रिक्षा बाहेर उभी आहे."

अप्पा उठून बसले. मला वाटलं, शर्ट मागतील.

म्हणाले, "उघडलं ते तू बघितलंस. बंद होतं ते मी बघितलंय."

आणि उठले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या बापाच्या बोटाला शाई नव्हती. मी जिंकून आले होते आणि माझ्या घरातलं एक मत हरलं होतं.

आठवड्याने सुखदेवला कामावरून काढलं. एजन्सीने सांगितलं, सोसायटीला दुसरा माणूस पाहिजे. मी त्याच्या घरी गेले. दार त्याच्या बायकोने, शोभाने उघडलं. आत ये म्हणाली नाही.

"तुझं गेट उघडलं," ती म्हणाली. "माझी चूल बंद झाली."

आतून सुखदेवचा आवाज आला. "तिला कशाला बोलतेस? कडी मी काढली. मला कुणी काढायला लावली नाही." तो दारात येऊन उभा राहिला. आता तो खरवईला एका नव्या बिल्डिंगच्या साईटवर रात्रपाळी करतो. पगार कमी, येण्याजाण्याला भाडं जास्त. शोभा अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. अशा गोष्टींची किंमत ज्याने भरायची तोच भरतो असं नाही. हे मी विसरत नाही.

आता नगरपालिकेचं वारं आहे. परवा तोच कार्यकर्ता आला. पेढे घेऊन.

"ताई, ह्या वेळी टेन्शन नाही. मी सोसायटीशी बोललोय. तुमच्या लोकांना मेन गेटने सोडतील. माझी गॅरंटी."

मी पेढा घेतला नाही.

"सोडतील?" मी म्हणाले.

"हो ना. मान्य झालेत ते."

तेव्हा मला कळलं की मी अर्ध्याच गोष्टीसाठी भांडले होते. त्यांच्या दारातून मला आत सोडणं, हे ज्याच्या हातात होतं त्याच्याच हातात राहिलं. आज मान्य, उद्या अमान्य. मी काय दर निवडणुकीला गज धरत बसू?

मी त्याला सांगितलं, केंद्र आमच्या शाळेत पाहिजे. छत गळतं तर छत दुरुस्त करा, पोरं रोज त्याच छताखाली बसतात. त्यांच्या डोक्यावर पडलं तर चालतं का? कॉम्प्लेक्सवाल्यांनी तिथे यायचं. नाल्यावरच्या पुलावरून, आमच्या गल्लीतून, आमच्या दारांसमोरून चालत. त्यांना कुणी चप्पल काढायला सांगणार नाही. पाणी मागितलं तर पाणी मिळेल. पण लाईन एक असेल आणि जो आधी आला तो आधी.

तो हसला. "बिल्डिंगवाले वस्तीत येणार? मतदान करतील का ते?"

"नाही केलं तर टीव्हीवाले त्यांना विचारतील, उत्साह का नाही."

"आणि नाही झालं केंद्र शाळेत, तर बहिष्कार टाकणार का?"

त्याला तेच हवं होतं. आम्ही घरात बसलो की त्याचं गणित सोपं होतं.

बहिष्कार म्हणजे काय ते आमच्या आजोबांनी गावाच्या विहिरीवर भोगलंय. तो आम्ही स्वतःवर टाकून घेणार नाही. केंद्र कुठेही ठेवा, क्लबहाऊसला ठेवा, डोंगरावर ठेवा. वस्तीतली एकही बाई परत फिरणार नाही. मागून कुणी जाणार नाही. आणि केंद्र शाळेत येईपर्यंत आमच्या गल्लीत एकाही पक्षाचा झेंडा लागणार नाही, एकाही साहेबाला ओवाळायला ताट निघणार नाही. हे मी त्याला पेढ्याचा बॉक्स परत देताना सांगितलं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

अप्पा आतून ऐकत होते. मी त्यांना चला म्हणणार नाही. त्यांचं मत त्यांच्याकडून काढून घेतलं गेलंय, आणि ज्यांनी काढून घेतलं ते एक दिवस आमच्या गल्लीत, उन्हात, माझ्या बापाच्या मागे रांगेत उभे राहतील. तोपर्यंत मी कुणाचाही पेढा खाणार नाही.